घरच्या टोपीचा निकाल

आमची नात मनाली राजारामपुरीत क्लासमध्ये इतिहास शिकवते. पण तिचं नाव झालंय ते इटालियन फौजेच्या जुन्या हेल्मेटांमुळं. दुसऱ्या महायुद्धात आपल्याकडची पोरं इटलीत लढली आणि येताना शत्रूच्या लोखंडी टोप्या घेऊन आली. आता तशाच दिसणाऱ्या नव्या टोप्याही जुन्या म्हणून खपवतात. खरी कुठली आणि बनावट कुठली, हे विचारायला पुण्या-बेळगावचे हौशी लोक आमचा जिना चढतात.

यंदा माजी सैनिकांच्या घरच्या वस्तूंचं प्रदर्शन भरलं. मनालीच्या सहीचं कार्ड मिळेल तेच हेल्मेट काचेच्या कपाटात, असं ठरलेलं.

कागलच्या हंबीररावांनी मोठ्या ऐटीत आपलं हेल्मेट टेबलावर ठेवलं. मनालीनं ते उलटं केलं.

"काका, खऱ्याला आतलं कातडं धरणाऱ्या तीन रिबिटा असतात. पोकळ, वारा यायला. ह्याच्या भरीव आहेत. आतल्या कातड्यावर घामाचा डागही न्हाय. हे कुणी डोक्यावर घातलेलंच न्हाय."

हंबीरराव लालेलाल झाले. "व्हय? मग आता घरचं आलंय न्हवं, त्याला काय म्हणतीस बघू!"

कारण त्यांच्या मागं मीच उभा होतो, माझ्या बानं, केरबानं, इटलीतनं आणलेली टोपी घेऊन. तिच्या माथ्यावर भोक आहे. बाची स्वतःची टोपी हरवली, त्यानं पडलेली शत्रूची घातली, आणि गोळी माथ्यातनं आरपार गेली तरी केसाला धक्का लागला नाही, ही गोष्ट मी जोतिबाच्या पायऱ्यांवर, लग्नाच्या पंगतीत, जागा मिळेल तिथं सांगत आलोय. एकदा ऐकता ऐकता एसटीचा कंडक्टर घंटी मारायचा विसरला आणि आम्ही सगळे पुढच्या गावात उतरलो.

मनालीनं रिबिटा पाहिल्या. कातडं उचलून खालचा मूळ करडा-हिरवा रंग पाहिला. "टोपी अस्सल." मी हंबीररावांकडं बघून मिशीवर हात फिरवला. तेवढ्यात ती म्हणाली, "आबा, भोकावरनं बोट फिरवा."

पत्र्याची धार बाहेरच्या बाजूला वळलेली होती.

"गोळी वरनं आली असती तर धार आत वळली असती. हे आतनं ठोकून पाडलंय. गोळीचं न्हाय."

मी भोकावरनं पुन्हा बोट फिरवलं. तोच खुर्चीवर बसलेली माझी थोरली बहीण शालूबाई खिदळायला लागली.

"आरं, बानंच पाडलंतं की! नवी लाईट आलीती, गोठ्यातल्या बल्बावर पाणी गळायचं. म्हणून भोकातनं वायर घेऊन टोपी वर टांगली. तू रांगत हुतास!"

"आणि गोळी, आक्का?"

"ती मागनं आली. भोक कशाचं म्हणून तू सारखा डोकं खायचास, मग बानं तुला थापेची गोळी दिली!"

हंबीररावच आधी हसले. मग मीही.

"तुला कधीपासनं माहीत?" मी मनालीला विचारलं.

"नववीपासनं. घरात तुमची गोष्ट ऐकायला आवडायचं, आबा. पण हितं माझी सही हाय."

हंबीरराव जवळ आले. "पोरी, घरच्यालाबी सोडलं न्हाईस. माझ्या बाची फौजेतली ट्रंक हाय, ती उद्या आणतो. बघशील न्हवं?"

तिनं कार्ड लिहिलं, "अस्सल. माथ्यावरचं भोक घरी पाडलेलं," आणि खाली सही केली. आता कपाटापाशी कुणी आलं की मी म्हणतो, "पावणं, टोपी मागाहून बघा. आधी खालची सही वाचा."