चुकीचे पेढे

आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहणारे सर विद्यापीठात बीजगणित शिकवतात, तेही आकडे नसलेलं. त्यामुळे दूधवाल्याचा हिशेब त्यांची बायको करते. एकदा विचार करत गंगापूर रोडवर फिरायला निघाले ते थेट त्र्यंबकेश्वरला पोचले आणि दर्शन न घेताच परत आले. म्हणाले, तिकडे जायचंच नव्हतं. सोसायटीच्या सभेला खुर्च्या मांडायला सांगितल्या, तर किती तऱ्हांनी मांडता येतील याच्यात ते असे गुंतले की सभा उभ्यानेच झाली.

गेल्या महिन्यात त्यांचा शोधनिबंध परदेशातल्या एका मोठ्या नियतकालिकाने स्वीकारला. त्यावर त्यांची बढती ठरणार होती. सरांनी इमारतभर पेढे वाटले. काय सिद्ध झालं ते कुणालाच कळलं नाही, पण पेढे झकास होते.

आठवड्याने सरांनी पुन्हा माझी बेल वाजवली. उद्या नळाला पाणी नाही हे सांगावं तशा सुरात म्हणाले, “ते पेढे चुकीचे होते. सिद्धतेतली एक पायरी तुटली. मलाच सापडलं. निबंध मागे घेतला.”

“अहो सर, आणि बढती?”

“ती आता नाही.”

“गप्प बसला असता तर कुणाच्या बापाला कळलं असतं?”

“कुणालाच नाही. जगात हे वाचणारी चार माणसं. पण ती माझ्यावर विसंबून पुढचं काम रचतात.”

मी म्हटलं, “आत तरी या. चहा टाकतो.”

“नको,” सर जिन्याकडे वळत म्हणाले, “वरच्या मजल्यांवर सांगायचं राहिलंय.”