नाव रात्री इकडेच

आमच्या खापरटेकला तीन बाजूंनी धरणाचं पाणी, आणि चौथ्या बाजूलाही तेच. पुलाचं भूमिपूजन दर निवडणुकीत होतं, पूल तेवढा होत नाही. पितांबर आबांची फेरी कंपनी आहे म्हणून आमची केळी मुक्ताईनगरला पोचतात आणि पोरं कॉलेजला. कंपनी म्हणजे भलतं काही समजू नका. दोन नावा, त्यातली एक कायमची पालथी, तिच्यावर शेळ्या बसतात. दुसरीला डिझेल इंजिन आणि ती चालवणारे जहांगीरभाऊ. खरं तर कंपनी म्हणजे जहांगीरभाऊच, आबांची नुसती पाटी.

मी फैजपूरची. लग्न होऊन आले ती याच नावेतून, रडत. शालू भिजू नये म्हणून जहांगीरभाऊंनी आपला टॉवेल फळीवर अंथरला आणि म्हणाले, "रडू नका वहिनी. मी रोज तिकडं जातो. माहेरची आठवन आली की सांगा, नेतो." केवढा धीर आला मला! पुढं कळलं, की त्यांनाच तिकडं राहता येत नाही.

त्यांचं घर पलीकडच्या काठावर आहे. इकडून दिसतं: निळा दरवाजा, दारात शेवगा. पण ते झोपतात आमच्या धक्क्यावरच्या पत्र्याच्या खोलीत. कारण शेवटची फेरी इकडे यायची आणि नाव रात्रभर इकडेच बांधायची, हा नियम. पूर्वी तसं नव्हतं. एका संध्याकाळी गावातल्या बेबाबाईंच्या मालकांना साप चावला, तेव्हा जहांगीरभाऊ नाव घेऊन घरी जेवायला गेले होते. लोकांनी हाका मारल्या, ताटल्या बडवल्या, पण वारा उलटा होता. नाव आली तोवर सगळं संपलं होतं. बेबाबाई त्यांना एका शब्दानं बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. भांडण निदान मिटतं तरी. जहांगीरभाऊंनी दुसऱ्याच दिवशी आपली गादी इकडे आणली.

तेव्हापासून दुपारचं जेवण काय ते घरी. दिवेलागणीला त्यांची बायको नसीम दारातला बल्ब लावायची, जहांगीरभाऊ इकडून बॅटरी उंच करायचे. एवढाच संसार. मुलगी रूही त्यातच मोठी झाली.

तिचं लग्न फैजपूरला ठरलं तेव्हा त्यांनी आबांना स्पष्ट सांगितलं, "पोरगी गेली की नसीम एकटी पडंल. मंग मी घरी झोपनार. नावेवर दुसरा मानूस पाहा."

"पाहू ना. तू एखाद्याले शिकवून ठेव," आबा म्हणाले. सांगायला काय जातं!

शिकवलं नव्हतं असं नाही. सुपडूला शिकवलं, तो सुरतेला गेला. मगनला शिकवलं, तो ट्रॅक्टरच्या गॅरेजात लागला. इंजिन हातात आलं की आमच्याकडचा माणूस आधी स्वतः पार होतो. आता आबांचा पुतण्या भूषण तयार झाला होता, चांगला निबर गडी. निकाह तोंडावर आला आणि त्याला नरडाण्याच्या कारखान्यातून बोलावणं आलं. तो बॅग घेऊन नावेत बसला त्या फेरीला मीही होते. जहांगीरभाऊंनीच त्याला पार नेलं आणि बॅग हातात दिली. "नोकरी चांगली हाये. जा," म्हणाले. परतताना मध्यावर त्यांनी इंजिन बंद केलं. नाव वाहू लागली. मी घाबरून फळी घट्ट धरली. बऱ्याच वेळानं त्यांनी इंजिनाचा दोर ओढला.

निकाहच्या दिवशी आबांनी मोठा उदारपणा दाखवला. "आज नाव तिकडंच राहू दे. एक रात देव पाहून घेईल." जहांगीरभाऊ नवा कुर्ता घालून गेले, ते खोलीला कुलूप लावूनच. ते कुलूप दुपारपर्यंत सगळ्या गावानं येऊन पाहिलं.

दिवेलागणीला अख्खं गाव धक्क्यावर, आणि जो तो म्हणे सहज आलो. पलीकडं बल्ब लागला नाही. बेबाबाई पुटपुटल्या, "गेला वं माय. आता काई येत नाही तो." मला मनातून वाटत होतं, न येवो बाप्पा, एक तरी सुटो इथून.

आणि इंजिनाचा आवाज आला.

जहांगीरभाऊ सुकाणूवर होते. पुढं नसीम बसली होती, शेजारी पत्र्याची पेटी, गॅसची शेगडी, आणि मांडीवर फडक्यात गुंडाळलेला तो दारातला बल्ब. बेबाबाई गुडघाभर पाण्यात गेल्या. "नसीम, तू?"

"काय करू अक्का? तुम्ही यांले सोडत नाही, आन् हे तुम्हाले," नसीम म्हणाली. "म्हटलं, मीच येते."

लोक हसले, कुणी पेटी उचलली, कुणी शेगडी. आबा म्हणाले, "लय झ्याक झालं! आता चिंताच मिटली."

माझं डोकंच फिरलं. "कोणाची चिंता, आबा?" मी विचारलं. सासरे माझ्याकडं डोळे वटारून पाहत होते. आबांनी ऐकलंच नाही.

नसीमनं खोलीत बल्ब लावला. जहांगीरभाऊंनी नाव बांधली, गाठ ओढून पाहिली, आणि रोजच्या सवयीनं बॅटरी पलीकडच्या काठाकडं उंच केली. तिकडं मिट्ट काळोख. हात तसाच वर राहिला.

"इकडं पाहा," दारातून नसीम म्हणाली. "मी इकडं हाये."