फॉन्ट बदलला त्या दुपारी

चाळिशी उलटली तरी मी चष्म्याला दाद देत नव्हतो. बायको म्हणायची, "डोळे तरी तपासून घ्या, नाहीतर अक्षरं तरी मोठी करा." मी दुसरं निवडलं, कारण त्यासाठी खुर्चीवरून उठावं लागत नव्हतं.

मी कोळसा खाणींच्या वणीत घरी बसून वेबसाइट्सची सुरक्षा तपासतो. ब्राउझर आणि सर्व्हर एकमेकांना जे संदेश पाठवतात, ते मधेच अडवून वाचायचं एक साधन असतं. दिवसभर माझं डोकं त्यात. खिडकी उघडली की कीबोर्डवर कोळशाची धूळ, लावली की घाम. त्या साधनात संदेश कसे दिसावेत याची सेटिंग असते: अक्षराचा आकार, फॉन्ट, रंग, ओळी नीट मांडून हव्यात की आल्या तशा. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात मी एक बारीक फॉन्ट लावला, तो लावलाच. त्यात मराठी अक्षरं नव्हती. मराठी मजकूर आला की रिकामे चौकोन दिसत. त्याचं मला काही वाटत नसे. धोका असलाच तर तो इंग्रजीतच असणार, असं मी धरून चाललो होतो. मराठी माणसानेच इतकं शहाणं व्हावं.

त्या आठवड्यात एका दवाखान्याची वेबसाइट हाती होती. माहिती खोटी, चाचणीपुरती भरलेली आहे, असं मला सांगितलं होतं. रुग्णाचा क्रमांक, तारीख, आणि त्यापुढे चौकोनांची एक रांग. क्रमांक बदलून पाहिला तरी चौकोन सारखेच दिसत, म्हणून चार दिवस मी त्या रांगांवरून नजर फिरवत पुढे गेलो. अहवालात 'गंभीर काही आढळले नाही' असं लिहूनही ठेवलं होतं.

शुक्रवारी दुपारी सेटिंग उघडली, आकार वाढवला, आणि हात तिथे होताच म्हणून फॉन्टही बदलला. चौकोनांच्या जागी मराठी आली. ती नावं होती, पत्ते होते, डॉक्टरांचे शेरे होते. कुठल्याही रुग्णाने आपल्या खात्यात शिरून क्रमांक तेवढा बदलला, की दुसऱ्याचा शेरा त्याच्यासमोर येत होता. तरी मी स्वतःला सांगत होतो, माहिती खोटी आहे. तिसरा संदेश उघडला तर त्यात माझ्या ताईचं नाव आणि तिच्या पुसदच्या घराचा पत्ता.

"क्षय. औषधाच्या सहा महिन्यांपैकी तिसरा. रुग्णाची विनंती: भावाला कळवू नये, तो भेटायला येईल आणि त्याच्या घरी तान्हं बाळ आहे."

ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई गेल्यावर माझा शाळेचा डबा तिनेच भरला. आणि तीच माझ्या मुलीच्या बारशाला आली नव्हती. बाळाच्या कानात नाव आत्याने सांगायचं असतं. "काम हाय," एवढंच ती फोनवर म्हणाली होती. शेवटी शेजारणीने नाव सांगितलं, घुगऱ्या वाटल्या, आणि मी मनात अढी धरली. तेव्हापासून ताईचा फोन आला की मी तो मुकाट्याने बायकोच्या हातात देत होतो. कामाचं निमित्त काढून बहीण भाचीला टाळते, हे माझं चार लोकांना सांगूनही झालं होतं.

मला स्वतःची फार लाज वाटली. दवाखान्याला फोन करून वेबसाइटचा तो भाग आधी बंद करायला लावला. अहवालातली जुनी ओळ खोडून धोका सगळ्यात वरच्या दर्जाचा लिहिला. पुरावा म्हणून एका संदेशाचं चित्र जोडावं लागतं. ताईचा सोडून दुसरा घेतला, त्यातलं नाव, पत्ता, आजार सगळं काळं केलं.

मग ताईला फोन लावला.

"ताई, मी बोलून राह्यलो."

"बाबू? बरा हायेस ना?"

"बरा हाय. पोरीच्या कानात नाव तुह्या तोंडून सांगायचं राह्यलं हाय. शेजारणीनं सांगतलं ते आम्ही धरत नाही. तुले जमन तवा ये."

"तीन महिने तरी लागतीन रे," ती म्हणाली.

एरवी 'काहून?' हा प्रश्न माझ्या तोंडातून सुटलाच असता, आणि तिला माझ्याशी खोटं बोलावं लागलं असतं. मी विचारलं नाही.

"थांबतो आम्ही," म्हणालो.