हेलिकॉप्टरवाल्याची गाडी

माझी आत्या तीस वर्षं लोकांना गाडी चालवायला शिकवते. तिच्या पायाशी जादा ब्रेक असतो. जिभेला मात्र एकही नाही. शिकाऊ माणसाने क्लच सोडायला वेळ लावला की म्हणते, "सोडा आता, संसार थाटायचाय का त्याच्याबरोबर?"

मागच्या गल्लीतला घारू तिच्याकडे शिकायला आला, तेव्हा तो हवाई दलात हेलिकॉप्टर उडवायचा. डोळे घारे म्हणून घारू. महिनाभराची सुट्टी होती.

"बाई, दोन दिवसांत शिकतो बघा."

दुसऱ्याच दिवशी गाडी मागे घेताना त्याने दातांच्या दवाखान्याचं फाटक आडवं केलं.

"वर फाटकं नसतात हो बाई," तो कान पकडून म्हणाला.

"म्हणूनच तुला वर ठेवलंय!"

त्या महिन्यात तो दोनदा परीक्षेला बसला आणि दोनदा नापास झाला. "पुढच्या सुट्टीत बघतोच," असा दम देऊन तो गेला, आणि तिथूनच त्याची तुकडी परदेशात लढाईवर रवाना झाली. चार महिन्यांनी बातमी आली. जखमी जवानांना आणायला त्याने एक फेरी केली होती. दुसऱ्या फेरीत त्याचं हेलिकॉप्टर पाडलं गेलं.

त्याच्या शाळेच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. प्रत्येक भाषणागणिक घारू वीतभर उंच होत गेला. पहिल्या रांगेत बसलेली त्याची आई मात्र दुसऱ्याच कुणाबद्दल ऐकत असल्यासारखी ताठ बसून होती.

मग कुणीतरी आत्याला पुढे केलं. तिने चार ओळी लिहून आणल्या होत्या, पण चष्मा घरी राहिला होता. तिने कागद हातभर लांब धरून पाहिला, मग घडी घातली.

"शूर तर तो होताच," ती म्हणाली. "पण गाडी भयंकर चालवायचा."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. आत्या काही थांबेना. फाटक झालं, कान पकडणं झालं, आणि पहिल्या रांगेतून फिसकन आवाज आला. घारूची आई, आमच्या काकू, हसत होत्या. तोंडावर रुमाल दाबून, खांदे गदगदा हलवत. हसता हसता त्या रडायला लागल्या. बातमी आल्यापासून पहिल्यांदाच. घारूचे साहेब उभे राहिले आणि ओशाळून म्हणाले, "जीपची किल्ली आम्हीही त्याला कधी दिली नाही."

आठवड्याने काकू आत्याच्या गाडीपाशी आल्या. वय अठ्ठावन्न.

"तो बसायचा तिथे जरा बसू?"

"बसा की. पण नुसतं बसायचं नाही. पट्टा लावा."

तीन महिने दोघी रोज तासभर फिरल्या. घारू पालीला किती घाबरायचा हे आत्याला सिग्नलपाशी कळलं, आणि हसण्याच्या नादात हिरवा दिवा निघून गेला. काकू पहिल्याच फटक्यात पास झाल्या. बाहेर येऊन म्हणाल्या, "म्हणजे तो बापावर गेला होता!"

मग एका सकाळी त्या एकट्याच निघाल्या. घारूने पहिल्या फेरीत आणलेला एक जवान दोन तासांवरच्या गावात राहत होता. त्याने पत्र पाठवलं होतं. आत्याने शिकवण्या रद्द केल्या आणि फोनसमोर ठाण मांडलं. साडेबाराला तो वाजला.

"पोचले. दारातच उभा होता, काठी टेकून. फार बडबड्या आहे हो! आता जेवल्याशिवाय सोडत नाही म्हणतोय."

"जेवा मग निवांत," आत्या म्हणाली, आणि फोन ठेवून तिने स्वतःचं ताट वाढून घेतलं.