चिखलातली शिंगी

मंडळी, भलतंच घडलं.

आज माहेरी, कोंडाण्याला, वहिनीसोबत ओढ्यावर मासे धरायला गेले होते. पाणी आटून चिखलच उरलाय. वहिनीने त्यात हात घातला आणि किंचाळली, "ताई, साप चावला गं!"

मी तिला रिक्षात घालून दवाखान्यात निघाले. रिक्षात ती कळवळत होती. तेवढ्यात ओढ्यावर शोधायला गेलेल्या भावाचा फोन आला, "त्याच जागी शिंगी मासळी घावली. साप नाय गं!"

डॉक्टरांनीही जखम बघून तेच सांगितलं. शिंगी हवेतून श्वास घेते, म्हणून आटत्या चिखलातही जगते, आणि तिच्या काट्यात विष असतं. गरम पाण्यात हात बुडवल्यावर कळ उतरली.

वहिनी आता झोपलीय. पण मघाशी लेक म्हणाली, "आई, उद्या मी येऊ मासे धरायला?"

काय सांगू तिला?