अल क्वोजच्या थाई ठेल्यावर आईला कोणीतरी ‘खा’ म्हणालं

आई पुण्याहून शारजाला आमच्याकडे आली, पण बाबा गेल्यापासून तिची अन्नावरची वासनाच उडाली होती. ताटातली एक पोळी अर्धी उरायची. ‘मला नको, तुम्ही खा,’ हे पालुपद. त्यात परतीचं तिकीट अलीकडे आणा म्हणून मागे लागलेली. शेवटी शनिवारी मी जाहीर केलं, आज स्वयंपाकाला सुट्टी, दुबईतल्या अल क्वोजच्या नाइट मार्केटला जाऊन थाई खायचं.

“यल्ला, निघा,” म्हणत नवऱ्याने, मंदारने, गाडी काढली. आमच्यासारखं शारजाच्या सीमेवरच्या अल नहदामधून निघणार असाल तर दुपारीच निघा. आम्ही संध्याकाळी निघालो आणि खिडकीतून दिसणाऱ्या दुबईत शिरेपर्यंतच जीव मेटाकुटीला आला.

पण बाजारात पाऊल टाकलं आणि मी हरखलेच! गोदामांच्या मधोमध दिव्यांच्या माळा, धूर, तव्यांचा खणखणाट. आत जायला तिकीट नाही, पार्किंगही फुकट.

“इथे गवती चहा कोण उकळतंय?” आईने विचारलं. तो थाई रश्श्याचा वास होता. तिला कसला तरी वास आवडला, यातच मी खूश.

एका ठेल्यावर एक थाई बाई उंच लाकडी खलबत्त्यात कच्ची पपई, दाणे, मिरची कुटत होती. शाकाहारींनो, फिश सॉस आणि सुकट नको, हे आधीच बजावा. मी बजावलं.

“नो फिश, ओके, खा,” बाई आईकडे बघून हसली. “स्पायसी, खा? सिट, खा.”

आई माझ्या कानाशी लागली. “अगं, हिला मराठी येतं?”

“आजी, दॅट्स थाई,” आमची ईरा म्हणाली. इथेच वाढलेली, मराठी कळतं पण उत्तर इंग्रजीत. “इट्स लाइक ‘जी’. फॉर रिस्पेक्ट.”

“असू दे. म्हणतेय ना?”

पंधरा दिरहम. “म्हणजे साडेतीनशेची कोशिंबीर!” असं पुटपुटत आईने घास घेतला, मग दुसरा, आणि बघता बघता डबा रिकामा. वर आंब्याबरोबरचा नारळाच्या दुधातला चिकट भात. “नारळीभातच हा, गूळ तेवढा विसरलीय,” म्हणत तोही संपवला. मला तर नाचावंसं वाटत होतं.

गाडीत आई म्हणाली, “हल्ली सगळे ‘जेवलीस का’ एवढंच विचारतात. समोर बसून ‘खा’ म्हणणारे तुझे बाबाच होते.” मी रोज फोनकडे बघत तेच विचारत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ताटं घेतली. मी तोंड उघडण्याआधीच ईरा आजीसमोर खुर्ची ओढून बसली.

“आजी, खा.”

मराठीत म्हणाली की थाईत, मी विचारलं नाही. आईने दुसरी पोळी मागून घेतली.