आईची ब्रुजमधली फेरी

माझी आई लुटगार्ट चौदा वर्षं बेल्जियममधल्या ब्रुजला वळसा घालून जात होती, पण गावात तिचं पाऊल कधी पडलं नव्हतं. आमची बार्ज शहराभोवतीच्या मोठ्या कालव्यातून वाळू घेऊन जायची. आई डेकवर कपडे वाळत घालता घालता तिथल्या तीन मनोऱ्यांकडे बघायची आणि पुढचा पूल किती लांब आहे ते त्यांच्यावरून बिनचूक सांगायची. जन्म बार्जवर, लग्न बार्जवाल्याशी. जमिनीवर उतरायची ती पाव-बटाटे आणण्यापुरती, आणि उतरली की जरा झुलतच चालायची.

मी मात्र सहाव्या वर्षापासून ब्रुजमध्येच होते, बार्जवाल्यांच्या मुलांसाठी असलेल्या नन्सच्या बोर्डिंगमध्ये. सुट्टीत न्यायला बाबा यायचे, कारण बार्जवर कुणीतरी थांबायला लागायचं आणि ते कुणीतरी म्हणजे नेहमी आई. पण माझ्या पहिल्या कम्युनियनला, म्हणजे चर्चमध्ये पहिल्यांदा प्रसाद घ्यायच्या विधीला, तिने बाबांना सांगून टाकलं की या वेळी दोर तू सांभाळ. प्रत्येक मुलीला तिच्या आईने हात धरून वेदीपर्यंत न्यायचं होतं. तालमीत माझी आई सिस्टर हिल्डा झाली होती.

येशूच्या स्वर्गारोहणाचा गुरुवार. सणामुळे कालव्यावरचा पूल बार्जांसाठी सकाळी एकदाच उघडणार होता, अकराला. आमच्यामागे दोन बार्जा अडून होत्या, आणि बाबांच्या दुखऱ्या गुडघ्यामुळे त्यांना एकट्याला बार्ज हलवता येत नव्हती. प्रार्थना दहाला. आई सव्वानऊलाच उतरली. माझा हात धरून वेदीपर्यंत, आणि मग धावत परत, असा तिचा हिशेब.

गल्ल्यांत शिरल्याबरोबर मनोरे दिसेनासे झाले. उंबरा धुणाऱ्या एका बाईने रस्ता सांगितला, त्याने आई फिरून पुन्हा त्याच उंबऱ्यापाशी आली. बाई म्हणाली, "आवडलं वाटतं आमचं दार?" मग एकदाचं पाणी दिसलं आणि आईच्या जिवात जीव आला. पाण्याच्या कडेने गेलं की माणूस कुठे तरी पोहोचतोच. ती निघाली. पुढे ते पाणी एका घराच्या पोटाखाली शिरलं आणि आई भिंतीशी उभी.

पलीकडे प्रवाशांना फिरवणाऱ्या होड्यांचा धक्का होता. वान्नेस नावाच्या होडीवाल्याला तिने विचारलं, बोर्डिंगजवळच्या चर्चवरून जातोस का? तो म्हणाला, अगदी दारासमोरून. आई चढली. होडी थांबेल का, हे विचारायचं तिला सुचलंच नाही. ज्याला जिथे उतरायचं तिथे होडी टेकते, जन्मभर तिने हेच पाहिलं होतं.

आम्ही पांढरे कपडे घालून चर्चच्या दारात रांगेने उभ्या होतो. बाकीच्यांच्या आया आलेल्या. तेवढ्यात पुलाखालून होडी आली आणि तिच्यात, कॅमेऱ्यांच्या घोळक्यात, माझी आई उभी होती.

"कप्तान, इथे टेकव. ती माझी पोरगी आहे."

"मादाम, खाली बसा. मधेच उतरवायची परवानगी नाही. चढलात तिथेच उतरायचं."

"मग आधी का नाही बोललास?"

"तुम्ही विचारलं, चर्चवरून जाते का. जाते आहे की."

लोक हसले. त्यांना वाटलं, हाही खेळातलाच भाग.

"तू नुसती भिंतीला लाव. दोर मी टाकते, चढतेही मीच."

"चाळीस माणसं आहेत होडीत. माझं लायसन गेलं तर काय खाऊ मी?" पण त्याने इंजिन अगदी हळू केलं. मेला वाईट नव्हता, असं आई अजून म्हणते.

आमच्यात दहा-बारा फूट पाणी होतं. आईने ते पाहिलं, मग भिंतीची उंची पाहिली आणि बसली.

"वेर्ले, केस कुणी विंचरले?"

"सिस्टरनी."

"छान विंचरलेत."

"तू येतेस ना?"

"येते. हा फिरून येतोय." आणि होडी पुढच्या पुलाखाली गेली.

आत सिस्टर हिल्डाने मला रांगेत सर्वांत शेवटी घातलं. एकेक मुलगी आईबरोबर जाऊन आली. फादर दोनदा खाकरले. सिस्टरने कानाशी विचारलं, आई कुठे आहे. "होडीत," मी म्हटलं. मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. सिस्टरने माझा हात धरला.

होडी धक्क्याला लागली तेव्हा अकरा वाजायला वीस मिनिटं होती. वान्नेसने पुढची फेरी दुसऱ्यावर सोपवली आणि तो आईबरोबर निघाला. रस्ता तिला सापडणार नाही, हे एव्हाना त्याच्याही लक्षात आलं होतं. चौकात तो थांबला.

"डावीकडे चर्च, उजवीकडे तुमचा पूल. दोन्ही दहा-दहा मिनिटांवर. कुठे नेऊ?"

आईने पुन्हा वेळ विचारली. मग काही वेळ ती डावीकडच्या रस्त्याकडे पाहत राहिली, आणि उजवीकडे वळली.

बार्जचं इंजिन चालू होतं. बाबांनी सुकाणूवरून विचारलं, "झालं?"

आई पुढच्या टोकाला जाऊन दोर सोडायला वाकली.

"झालं असेल," ती म्हणाली.